अर्धा रस्ता

पहाटे चार चाळीसला तुरानीच्या चौकात
बंद बेकरीसमोर आम्ही तिघं उभे,
आणि टेरेझिया अजून यायची असते.

इमरिख गाडी चालूच ठेवतो, हीटरसाठी.
"पेट्रोल जळतंय," वेंडेलीन म्हणतो.
काल म्हणाला होता, परवाही.
मग ती येते, ओले केस टोपीत कोंबत,
आणि कुणी काही बोलत नाही,
म्हणजे सगळेच बोलून घेतात.

कारखान्यात आम्ही दरवाजे बसवतो.
पाळीला साडेचारशे गाड्या,
नव्याकोऱ्या, प्लॅस्टिकच्या वासाच्या.
आणि तिथवर जातो सतरा वर्षांच्या श्कोडातून,
जिचा मागचा डावा दरवाजा
फक्त बाहेरून उघडतो.
ती जागा माझी.
रोज कुणीतरी उतरून मला मोकळं करायचं.

चौघांत पेट्रोल चौथाई पडतं, हे खरं.
त्या पैशांतून मी मुलीचे दात सरळ केले.
पण हेही खरं, की इमरिखच्या डब्यातली लसूण
माझ्या कोटाला रविवारपर्यंत सोडत नाही;
की वेंडेलीनला बातम्या लागतात, मला शांतता,
आणि रेडिओचं बटण पुढच्या सीटवाल्याचं;
की जादा पाळी मिळाली तरी घेता येत नाही,
खाली तिघं ताटकळत असतात.
माझ्या घटस्फोटाची तारीख
माझ्या आईच्या आधी या गाडीला कळली.
आईने निदान सल्ला एकदाच दिला असता.

म्हणून फेब्रुवारीत मी कर्ज काढलं.
छोटी गाडी, निळी, चारही दारं आतून उघडणारी.

तीन आठवडे!
काच खाली करून गारठ्यात मोठ्याने गायले,
बेसूर, कुणाच्या बापाचं काय जातं.
स्त्रेच्नोच्या वळणावर, किल्ल्याखाली, एकदा थांबले,
उगाच,
व्हाहचं पाणी काळं होतं ते निळं होईपर्यंत.
एकदा रडलेही. कुणी रुमाल पुढे केला नाही.
किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मग महिनाअखेर आली. पंपावर उभी राहून
मी आकडे पळताना पाहिले,
आणि मुलीच्या दातांना अजून एक वर्ष तार लागणार होती.
तरीही सोडली नसती मी. ऐट होती ती.

चोवीस मार्चला धुकं नदीतून वर आलं
आणि धुक्यातून एक हरीण.

हरीण वाचलं. मीही.
निळी गाडी कठड्याला गाल टेकून बसली.
फोन हातात होता, हात माझ्या हातात नव्हते.
थरथर थांबवायला मी आकडे मोजत बसले.
सहाशे बासष्टला मागून पिवळे दिवे आले,
एक जळका, एक धड.

टेरेझिया उशीर करते म्हणून ते माझ्या मागे होते.
वेळेवर आली असती, तर केव्हाच पुढे गेले असते.
हे मी तिला सांगितलेलं नाही.
सांगितलं तर अजून उशीर करेल.

इमरिखने विचारलं नाही काही.
डब्यातली भाकर मोडली, लसणीची, अर्धी दिली.
मी खाल्ली.
वेंडेलीनने रेडिओ बंद केला, स्वतःहून,
पाच मिनिटं. मग लावला.

गेटपाशी मी दाराची कडी ओढत राहिले,
विसरलेच होते.
टेरेझिया फिरून आली, बाहेरून उघडलं,
आणि म्हणाली, "उशीर झाला ना!"
जणू माझ्यामुळे.

शुक्रवारी हिशोबाची वही फिरली.
इमरिखच्या शिसपेन्सिलीने, वाकड्या अक्षरात:
ब्लाझेना, चोवीस तारीख, अर्धा रस्ता.
आणि पुढे अर्धेच पैसे, सेंटापर्यंत बरोबर.
खाली रेघ.
रेघेखाली, सोमवारच्या रकान्यात,
मला न विचारता
माझं नाव.