झडप

उद्यमबागेत, कोअर शॉपच्या तिसऱ्या मशीनवर
आधी व्हॉल्व्हची झडप वाजते, टक्.
मग हवा येते, वाळू घेऊन.
दोहोंच्या मध्ये अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी.
तेवढ्या फटीत भरमाण्णा सायनेकर
बावीस वर्षं डोळे मिटत आला.

मी नवा लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी
लाल डोळे घेऊन नळाखाली वाकलो होतो.
तो म्हणाला, चष्मा घाल गा,
आणि टक् ऐकू नकोस.
तू ऐकायला गेलास की उशीर होतो.
त्याला ऐकू दे.
कुणाला, ते त्याला सांगता आलं नाही.
मान नुसती मागून चोळली.

दोनेकशे फटके खाल्ले असतील पापण्यांनी.
मग एका गुरुवारी, डबा खाऊन आल्यावर,
टक्, आणि काळोख.
वाळू येऊन लागली ती बंद दाराला.
मला हे संध्याकाळी कळलं,
मच्छेच्या बसमध्ये, कंडक्टरनं पंच वाजवला
आणि माझे डोळे मिटले तेव्हा.
निद्दी बंतेन्री? तो हसला.
झोप कुठली.

भरमाण्णा चूळ भरता भरता डावीकडे कलला.
हिरेमठ डॉक्टरबाईंनी ईसीजीच्या कागदामागे काढून दाखवलं :
हा मोठा. आणि हा खाली, मागे, लहान मेंदू,
कडोलीच्या कोबीसारखा, घडीवर घडी.
डाव्या घड्यांना रक्त मिळालं नाही.
चालेल, म्हणाल्या, काठी घेऊन. काही विसरणार नाही.

आणि विसरला नाहीच.
मशीनचा नंबर, माझ्या पोरीचं बारसं,
अठ्ठ्याण्णवचा राहिलेला ओव्हरटाइम, पैशांसकट.

मी विचारलं, शिकतो म्हणजे तिथं होतं काय?
बाई पेन फिरवत राहिल्या.
पसरलेल्या झाडांसारख्या पेशी असतात, म्हणाल्या,
रात्रंदिवस खालच्यांना ‘नको, नको’ म्हणणाऱ्या.
फटका बसत राहिला की त्यांतल्या काही
नेमक्या तेवढ्या क्षणाला
गप्प बसायला शिकतात.
तेवढंच.

तेवढंच.
तिसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडी जाईपर्यंत
मी तेच घोळवत उभा होतो.
बावीस वर्षांचं कसब,
आणि ते म्हणजे कुणीतरी वेळेवर गप्प बसणं.

फंडाच्या कागदांवर सही करायला तो शेडमध्ये आला.
पाय सवयीनं तिसऱ्या मशीनपाशीच थांबले.
मी बटणाकडे हात नेला. तो म्हणाला, चालू दे गा.

टक्.
उजवा डोळा मिटला.
डावा उघडाच.
हवा आली, वाळू लागली,
मग तोही मिटला, घाईघाईनं,
कालच कामाला लागलेल्या पोरासारखा.

‘डावं हेल्पर झालंय बघ,’ तो म्हणाला.
रुमाल काढायला गेलेला हात
खिसा ओलांडून पुढे गेला, परत आला,
पुन्हा ओलांडून गेला.
बसवण्णी कुलकर्णी साहेबांची हाक आली म्हणून
तिकडे पळाला, का पळाला ते मला ठाऊक आहे.
‘शिकेल की परत,’ मी म्हटलं.
भरमाण्णानं वाळू पुसली. उत्तर दिलं नाही.

तो उभाच राहिला, मीही कोअर काढत राहिलो.
किती काढले मोजले नाहीत.
त्यातल्या कुठल्यातरी टक्‌नंतर
वाळू माझ्या तळहाताला लागली.
डोळे उघडले तर
हात त्याच्या डाव्या डोळ्यापुढे होता.