रिक्तिका

मानखुर्दच्या नाल्याकाठी जोखूरामचा माठ
गुडघ्याएवढा, लालबुंद.
उपटला तर मुळांना धरून आली काळी माती,
डिझेलचा वास
आणि कुणाच्या तरी बाटलीचं बूच.
"आरामात धुवा, मॅडम," तो म्हणाला.

प्रयोगशाळेत मी पान वेगळं केलं,
देठ वेगळा, मूळ वेगळं.
वाळवलं, खलात कुटलं, नायट्रिक आम्लात उकळलं.
तपकिरी धूर, खिडकीची फट, तेंडोलकर सरांचा खोकला.
संध्याकाळी यंत्रानं आकडे टाकले:
पानात शिसं थोडं.
मुळात कितीतरी पट.

मुळाच्या पेशीची भिंतच त्याला अडवते,
उंबऱ्यात बसवून ठेवते.
कॅडमियम त्याहून लबाड, आत शिरतं.
मग गंधकाची इवलीशी साखळी त्याला गाठ मारते,
मासळीवाली पदराच्या टोकाला
सुटे पैसे बांधते तशी,
आणि नेऊन ठेवते पेशीतल्या मधल्या खोलीत.
त्या खोलीचं नाव नववीत पाठ केलं होतं:
रिक्तिका.
रिकामी, म्हणे.
तरी थोडं वर निसटतंच, पानापर्यंत.

जोखूरामला सगळं सांगितलं, अर्ध्या हिंदीत.
तो मुळांकडे बघत राहिला.
"म्हणजे हीच बिचारी खातात सगळं.
मग ही टाकायची कुठं?"
आमच्या अहवालात तो रकाना नव्हता.
बारा वर्षं तो बांधावरच टाकत आलाय.
तिथंच कुजतात.
तिथंच पुढचा वाफा.

निघताना त्यानं एक जुडी हातात कोंबली,
पैसे घेईना.
मुळा.
पांढराशुभ्र, धुतलेला, नाल्याच्याच पाण्यानं.
मुळा म्हणजे दुसरं काय,
नुसतं मूळच.

चेंबूर नाक्यापर्यंत रिक्षात मांडीवर धरून बसले.
अप्पा कुर्ल्याला बॅटरीच्या शेडमध्ये होते, एकोणीस वर्षं.
डॉक्टर म्हणाले होते,
रक्तात आता फारसं नाही,
हाडांत जाऊन बसलंय,
बसलंय तर बसू द्या.
अप्पांना मुळा फार आवडतो.
किसून, वर दही, हिरवी मिरची.

वाटेत दोन कचराकुंड्या लागल्या.
दोन्ही वेळा रिक्षा थांबव म्हणायचं राहिलं.

दार अप्पांनीच उघडलं.
"काय आणलंस?"
"काही नाही," मी म्हटलं,
आणि पिशवी पाठीमागे धरली.

पाल्याचा शेंडा बाहेर आलेला असणार,
कारण ते हसले
आणि किसणी शोधायला आत गेले.