हातचा

केरिचोच्या उतारावर, चहाच्या कारखान्यात
मी खतावणी लिहिते.
सोळा वर्षं शिलिंग मोजले.
यंदा म्हणाले, चेलांगात, आता धूर मोज.

धूर मोजत नाहीत, नैरोबीहून आलेला मुटुआ म्हणाला,
पावत्या मोजतात.
डिझेल किती लिटर, वीज किती युनिट,
तक्त्यातल्या गुणकाने गुणायचं,
येईल त्याला टन म्हणायचं.
मी खिडकीतून धुराड्याकडे पाहिलं.
ते पावती न देता सोडत होतं.

पहिला रकाना आपल्या आवारात जळतं त्याचा:
बॉयलर, जनरेटर, पानं आणणारे दोन ट्रॅक्टर.
दुसरा, तारेतून येतं त्याचा.
तिसरा...
इथे मुटुआने पेन खाली ठेवलं, पाणी प्यायला.
तिसरा, आपण न जाळलेल्या
पण आपल्यापायी जळणाऱ्या सगळ्याचा.

जनरेटरची वही उंदरांनी कुरतडलेली,
मार्च ते मे गायब.
त्या तीन महिन्यांत दिवे किती वेळा गेले?
कुणी म्हणे रोज, कुणी म्हणे आठवड्यातून दोनदा.
जुन्या साहेबांनी अंदाजपंचे दाहोदरसे लिहिलं असतं.
मी वॉचमनच्या बायकोला विचारलं.
दिवे गेले की तिचं बाळ रडायचं,
तिला एकूण एक रात्र पाठ.

बॉयलरवर किबोर.
निलगिरीचे ओंडके तो काट्यावर घालत नाही,
बोट वाजवून ऐकतो.
"ओलं लाकूड खातं जास्त, देतं कमी," म्हणाला,
"जावयासारखं."
हे कुठल्या रकान्यात?
लाकडाचा धूर वेगळ्या पानावर, मुटुआ म्हणाला,
झाड पुन्हा उगवतं म्हणून.
किबोर हसला. उगवेल की,
कुणी लावलं तर.

मग युरिया. मळ्यात फेकलेल्या पोत्यांतून
एक वायू उठतो, ना रंग ना वास,
कोळशाच्या धुरापेक्षा किलोमागे अडीचशे पट जड हिशेबाला.
त्याच मळ्यात मी पोरवयात टोपली घेऊन फिरले.
तेव्हाही उठत असेल,
माझ्या पोटऱ्यांना घासून, मुकाट.

मग गोण्या, लॉरी, मोम्बासा, जहाज.
वाटलं, झालं.
मुटुआने पान उलटलं: आता किटल्या.

दूर कुठेतरी, लीड्समध्ये, की कराचीत,
कुणीतरी एका कपासाठी चार कपांचं पाणी ठेवतं,
फोन वाजतो, पाणी निवतं,
पुन्हा उकळतं.
आमची भट्टी, आमचं डिझेल, आमचे ट्रॅक्टर
त्या किटल्यांपुढे पासंगालाही पुरेनात.
मी तीनदा बेरीज केली.
खालून वर, वरून खाली.
जिचं तोंड मी पाहणार नाही
तिचा हात इथून कसा धरू?
तिची वाफ माझ्या वहीत,
आणि उद्या तिच्याही वीजबिलात.
"दोन्हीकडे येते," मुटुआ म्हणाला, "चालतं.
वही दोघांची असते."

संध्याकाळी घरी. आई चुलीपुढे.
आम्ही दोघी, आणि आधण पाच कपांचं.
एवढं कुणासाठी गं?
तिने माझ्याकडे पाहिलं,
पाढा चुकलेल्या पोरीकडे पाहावं तसं.
"वाटेवर माणसं असतात," म्हणाली.

मला गुणक आठवला. सरपणाचा, किलोमागे.
बोलले नाही.
दोन कप आम्ही घेतले.
काळोख पडता पडता किबोर आला,
पाळी संपवून, भुवयांत राख.
एक घेतला. आईने न विचारता दुसरा दिला.

उरलेलं एक कप पाणी
चुलीच्या कडेला हळूहळू आटत राहिलं.
शाळेत बाई शिकवायच्या,
रकान्यात मावत नाही ते फेकू नका,
शेजारच्या आकड्याच्या डोक्यावर
बारीक अक्षरात लिहून ठेवा.

ताळेबंद उद्या जायचाय.
समासात, पेन्सिलीने:
हातचा एक.