सात अंश

आई शेजारणीला सांगते,
मुलगी कॉम्प्युटरात गाईड फिरवते.
शेजारीण विचारते, कुठं, पांडवलेण्यांवर?
नाही हो काकू,
मी फिरवते ती एक निळी रेघ.
पानावर असते, छापून येत नाही.
तिला धरून बाकीच्यांनी नीट उभं राहायचं
आणि काम संपलं की तिला लपवायचं.

कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर लिहितो.
माझ्या वाट्याला एवढंच आलं होतं:
शिफ्ट दाबून रेघ फिरवली
तर तिने कुठे कुठे अडायचं.
मी लिहिलं, दर पंधरा अंशांवर.
शून्य, पंधरा, तीस, पंचेचाळीस,
पंख्याचा रेग्युलेटर अडतो तशी, खटक खटक.
लिहून चहाला गेले.

आठवड्याने फोन. रियाज मणियार, बोर्डवाले, दहीपुलाजवळून.
"मॅडम, बोळ उताराचा आहे.
भिंतीवरची पाटी उतारासोबत जाणार.
शिरोरेषेची रेघ सातवर ठेवली.
आता काने तिच्याशी काटकोनात पाहिजेत.
शिफ्ट दाबतो तर ही बया सात सोडून
उडी मारते पंधरावर, मग तीस, मग थेट नव्वद.
नव्वदचं मी काय करू?
मला सत्त्याण्णव पाहिजे."

आकडा टाका की, मी म्हणाले, चौकोन दिलाय त्याला.
"टाकतोच आहे, सकाळपासून.
विठोबा लोटन तांबट आणि पुत्र,
तांब्या-पितळेची भांडी, ठोक व किरकोळ.
मोजा अक्षरं."
मोजली. अठ्ठावीस.

रविवारी गेले.
बोळ खरंच गोदावरीकडे घसरत होता,
सांडलेलं पाणी थांबायला तयार नव्हतं.
रियाजभाईंनी भिंतीवर गेरूचा दोरा ताणला,
चिमटीत धरून सोडला. फट्. लाल रेघ.
मग गुण्या काढला
आणि त्या रेघेलाच टेकवला.
जमिनीकडे बघितलंही नाही.
"आणि ही चौकट?" मी शेजारच्या दाराकडे बोट केलं.
"ती ओळंब्यानं. दार लागलं पाहिजे ना."

सोमवारी ऑफिसात भांडण.
मृगेंद्र म्हणाला, पानाला आडवं एकच असतं,
कोन तिथूनच मोजायचा.
उद्या कुणाची रेघ चुकून तीन अंश हलली
की त्याला तीन, अठरा, तेहतीस मिळत राहील,
जन्मभर शून्य सापडणार नाही,
आणि शिव्या तुला.
खरं होतं त्याचं.
मी म्हणाले, पण जी मुद्दाम सातवर उभी आहे
तिला आपण आधी सरळ करतो, मग विचारतो कुठं जायचंय.
हेमांगी म्हणाली, समोसे थंड होतायत.

दोन दिवसांनी मी लिहिलं ते असं:
रेघ जिथे होती तिथून मोजायचं.
सात, बावीस, सदतीस, करत करत सत्त्याण्णव.
वाटेत खरं नव्वद आलं
तर तिने थांबायचं नाही,
फक्त क्षणभर हिरवं व्हायचं,
ओळखीचं कुणी पलीकडच्या फुटपाथवर दिसावं तसं.
आणि ज्याला पानाचंच ऐकायचंय
त्याने शिफ्टसोबत कंट्रोलही धरावं.
मृगेंद्रने बघितलं. म्हणाला, दोन बोटं अडकवलीस.
हो, म्हटलं.

काल रियाजभाईंचा फोटो आला.
पाटी लागलीय. काने शिरोरेषेशी अगदी काटकोनात,
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस अक्षरं उतरणीला,
पाठ ताठ ठेवून.
निळी रेघ अर्थात कुठेच नाही.
फक्त पाटीची कड आणि ओळंब्यातली चौकट
वर टेकतात आणि खाली टेकत नाहीत.
दोन फुटांच्या पाटीला तीन इंचांची फट,
वर टोकदार, खाली रुंद.
ती बुजवायची कशी, मी विचारलं.
उत्तराला दुसरा फोटो:
त्या फटीत तांबटांच्या नातवाने
दुकानाची बेल बसवली आहे,
थोडी तिरकी.