पुळणीवरचा भाव

बत्तीस वर्षं मी
एकाच महागाईचा अभ्यास केला:
तेवीस सालचा जर्मन मार्क,
सकाळी पावाला एक किंमत, दुपारी दुसरी.
प्रबंधाला तळटीपा चारशे अकरा.

आता निवृत्त.
संध्याकाळी पिशवी घेऊन
हर्णैच्या पुळणीवर लिलावाला उभा.
सुरमईची पाटी दोन हजारांवरून
बाराशेवर येते,
मी चष्म्यावरचा खार पुसेपर्यंत.

रेहाना होडेकर विचारते,
"सर, तुमी कसले डॉक्टर?"
"भाव का पडतात, त्याचा."
ती पाटीवर बर्फ सारते.
"मग पडायच्या आधी सांगत जा की."

तिला कसं सांगू,
आम्हाला कळतं ते
वाळू सुकल्यावर.

पिशवीत तिनं दोन बांगडे
जास्तीचे टाकले, फुकट.
घरी पोचेपर्यंत
त्यांचा हिशेब लागला नाही.