कॅलाबारच्या इस्पितळातला चेंजओव्हर

आधी कुलूप. मग लाल पाटी. मग टेस्टर.
मग टेस्टर खरं बोलतो का ते बघायला
दुसऱ्या, जिवंत तारेवर टेस्टर.
आसुक्वो उस्ताद म्हणायचे,
मेलेली तार आणि झोपलेली तार
दिसायला सारख्याच.

दार उघडलं की पहिल्यांदा वास घे, न्सिकाक.
जळकं प्लास्टिक वेगळं, ठिणगीचा वास वेगळा,
आणि भाजलेली पाल तर विसरताच येत नाही.
दोन फेजांच्या मध्ये ऊब शोधत आली होती,
सापडली तिला.
मी चिमट्यानं काढली.
सांगाडा कसला, जाळी.

चांदीच्या कॉन्टॅक्टना कानस लावायची नाही.
काळं दिसलं की हात शिवशिवतात, माझेही शिवशिवायचे.
काजळी चालते, खड्डे चालत नाहीत.
कोरडं फडकं, बस.
बोल्ट पान्याच्या टक् आवाजापर्यंत,
पुढे अर्धा पीळही नाही.
जास्त पिळलेला बोल्ट लगेच तुटत नाही,
रविवारची वाट बघतो.

ही मधली पोलादी दांडी बघ.
सरकारी वीज आत असली की जनरेटरला बाहेर थोपवते,
जनरेटर आत असला की सरकारी विजेला.
दोन्ही एकदम आत आले
तर खांबावर चढलेला कुणाचा तरी नवरा
त्या दिवशी घरी जात नाही.
दांडी एवढंच शिकली आहे.
पुरेसं शिकली आहे.

वीज परत येते तेव्हा
गल्लीतली पोरं ओरडतात, "अप नेपा!"
मासेवाली अफिओंग मावशी बर्फाच्या पेटीचं झाकण
घाईघाईनं लावते.
चेंजओव्हर ओरडत नाही.
पंधरा मिनिटं नुसता मोजत बसतो.
गेलेलं माणूस दारात आलं म्हणून
लगेच ताट वाढायचं नसतं,
हे मला दुसऱ्या लग्नाआधी
कुणी सांगायला हवं होतं.

आता हा खटका. मॅन्युअल. ऑफ. ऑटो.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, हरमॅटनची धूळ उडत असताना
हीच पेटी मी साफ केली.
फडकं, पाना, टक्, टक्.
लोड टाकून चाचणी घेतली, नोंद केली, सही केली.
सही छान आहे माझी.
खटका मॅन्युअलवरच राहिला.

रात्री दोन चौदाला वीज गेली.
शेडमध्ये जनरेटर उभा होता,
टाकी भरलेली, बॅटरी चार्ज केलेली,
कुणी हाक मारलीच नाही.
वरच्या मजल्यावर सिस्टर एमेम
नऊशे ग्रॅमच्या एका मुलीच्या तोंडावर
रबरी फुगा दाबत होती,
दाब, सोड, सोड, दाब, सोड, सोड,
दातांत टॉर्च.
चौकीदार उडोह धावत खाली आला
आणि त्यानं खटका फिरवला.
कुणी शिकवलं नव्हतं त्याला.
कधीतरी मला फिरवताना बघितलं होतं, तेवढंच.
दोन एकवीस.

वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये तिनं लिहिलं,
दिवे गेले, दिवे आले, बाळ ठीक.
कारणाचा रकाना मोकळा सोडला.
सकाळी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, पेनासकट.
मी माझं नाव लिहिलं.
सही त्या दिवशी छान आली नाही.

खाली आलो तर पेटीच्या दारावर चिकटपट्टी,
जखमेवर लावतात ती पांढरी,
निळ्या बॉलपेननं एकच शब्द: ऑटो?
प्रश्नचिन्हासकट.

इथल्या दमट हवेत गोंद टिकत नाही.
दर महिन्याला मी नवी पट्टी मागायला वर जातो.
एमेम कात्रीनं कापते, लिहिते, देते.
त्या मुलीचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

चल, दार लाव.
नाही, थांब.
खटका कुठे आहे?
मला सांगू नकोस.
हात लावून बघ.