पाच तुकडे आणि एक फट

मगदूमांना दोन हजार नव्वद सालचं अक्षर हवं होतं.
"म्हणजे कसं?" मी विचारलं.
"म्हणजे बघितल्या बघितल्या वाटलं पाहिजे,
हे मशीन चंद्रावर पण हळद पॉलिश करंल."
मशीनचं नाव उजळ.
तीन अक्षरं, एक लोखंडी पत्रा,
कुपवाडच्या शेडवर, दसऱ्याच्या आत.

मी पाच तुकडे ठरवले.
उभा दांडा, आडवी रेघ, पाव वर्तुळ,
त्याचं आरशातलं भावंड, आणि एक टिंब.
यातून सगळी बाराखडी उभी करायची.
उभी म्हणजे, टांगायची.
रोमन अक्षरं जमिनीवर पाय देऊन राहतात,
आपली वरून सुटतात, दोरीवरच्या कपड्यांसारखी.

खणभागातल्या माझ्या खोलीत एक रेघ आहे,
छातीएवढ्या उंचीवर.
तीनदा रंग दिला, तरी भिंतीतून वर येते.
त्या ऑगस्टात कृष्णा तिथवर येऊन थांबली होती.
शिरोरेषेची जाडी मी तिच्यावरून घेतली.
गिऱ्हाइकाला असलं काही सांगायचं नसतं.
त्यांना सांगितलं, उंचीचा आठवा भाग.

उ एका दुपारी झाला.
ज ने दोन दिवस घेतले, पण आला वळणावर.
ळ बसेना.
पाव वर्तुळं जोडली की गॉगल,
कोपरे ठेवले की पंख्याची पाती,
बारीक केला तर मांजराच्या मिशा.
रात्री दीड वाजता स्क्रीनवरून
दोन रिकाम्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहायचा,
चुकीच्या वर्गात येऊन बसलेल्या पोरासारखा.

मग मिरजेला गेले, इलाही पेंटरांकडे.
अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या त्यांच्या हातच्या.
आता हात कापतो, ब्रश धरत नाहीत.
माझे पाच तुकडे त्यांनी मोबाइलवर बघितले,
बशीतल्या चहात बोट बुडवलं
आणि फरशीवर ळ काढला,
एका दमात, बोट न उचलता, न कापता.
"याला सांधाच नाही बेटा. तू तोडणार कुठनं?"
मला उत्तर आलं नाही.
पंखा फिरत होता.
ळ वाळेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो.

शेवटी गॉगलवाला ळच पाठवून दिला.
लेझरवर दस्तगीर होता.
उ कापला, ज कापला,
आणि मग ट्रेमध्ये ठण्ण, पुन्हा ठण्ण.
"पोट पडायलंय की ओ, ताई!"
ळची दोन्ही पोटं खाली, अजून गरम.
पत्र्यात नुसती दोन भोकं,
जोडून घातलेल्या दोन भाकऱ्यांएवढी.

तेव्हा आठवलं.
फरशीवरचा ळ सगळा एकदम वाळला नव्हता.
जिथे बोट वळताना हलकं झालं होतं
तिथे आधी तुटला,
आणि तुटूनही बराच वेळ ळ राहिला.
मी तिथेच चार मिलिमीटर जागा सोडली.
पोटांना पत्रा धरायला मिळाला.
मग एकट्या ळलाच का,
उलाही दिली, जलाही दिली,
शिरोरेषेत तर दोन ठिकाणी,
पाण्याला जायला वाट असावी म्हणून.

बिलात लिहिलं: तुकडे, पाच नग. फट, एक नग.
मगदूमांनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे काय? जे नाहीच त्याचे पैसे?"
मी समजावायला तोंड उघडणार
तोवर दस्तगीर मागून म्हणाला,
"काढून बघा की साहेब मग. झाडू मी आणतो."
पाचशे तरी कमी केलेच त्यांनी.

ती पडलेली दोन पोटं माझ्या टेबलावर आहेत,
कागद उडू नयेत म्हणून.
नव्वद साल अजून बरंच लांब आहे.
एकाच्या कडेला आत्ताच गंज धरलाय,
बोट लावलं की हळदीसारखा निघतो.